बाळंतिणीला सहा महिने पाणी वर्ज्य? त्या मेसेजला माझं उत्तर

महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. त्याचं सार असं: बाळंतिणीने सहा महिने पोहू नये, व्यायाम करू नये. केला तर दूध नासतं, पाण्याचा गारवा बाळाला बाधतो, अंग बाहेर येतं. पोटपट्टा घट्ट बांधला की पोट आपोआप आत जातं. मी बायकांच्या बॅचला पोहायला शिकवते, माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली, त्यातलं दुसरं सिझर. हा मेसेज वाचून घरात बसलेल्या मुली मला माहीत आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते सहा महिने. आपल्याकडचा सव्वा महिन्याचा आराम शहाणपणाचाच आहे. वार सुटते तिथे गर्भाशयात आतून जखम असते आणि अंगावरून जाणं बहुधा चार ते सहा आठवडे चालतं. तोवर तलावात उतरलं तर जंतुसंसर्गाचा धोका असतो, टॅम्पॉन लावून तर मुळीच उतरू नये. पण हे थांबून सात दिवस झाले, टाके भरले आणि सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी हो म्हटलं, की पुढचे साडेचार महिने काठावर बसायचं कारण उरत नाही. सिझर असेल तर थोडं जास्त थांबावं लागतं. वरचा टाका लवकर सुकतो, आतले थर भरायला कितीतरी वेळ घेतात.

आराम म्हणजे बाजेवर पडून राहणंही नाही. पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, म्हणून तर सिझरच्या दुसऱ्या दिवशी नर्स उठवून चालायला लावते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली व्यायामाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत बाळंतिणीही आहेत: हळूहळू वाढवत आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम.

दूध नासत नाही. मध्यम व्यायामाने ते कमी होत नाही आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होत नाही. आईच्या अंगातलं दूध अंगाइतकंच कोमट असतं, तलावाचा गारवा त्यात उतरत नाही. पोहून आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ करा, की क्लोरीनचं पाणी निघून जातं. पाजून मग पोहायला या, छाती जड राहत नाही.

आता अंग बाहेर येण्याचं. इथे मला थांबून बोलायचंय, कारण ही भीती पूर्ण खोटी नाही, फक्त चुकीच्या जागी लावली आहे. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, गर्भाशय आणि मूत्राशय त्यांच्यावर विसावलेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणते. त्या अवस्थेत जड वजन उचललं, उड्या मारल्या, पळायला लागलं तर त्रास होतो, म्हणून पळण्यासाठी निदान तीन महिने थांबावं. पाण्याचं तसं नाही. छातीइतक्या पाण्यात अंगाचं निम्म्याहून जास्त वजन पाणीच पेलतं. मी आधी नुसतं पाण्यात चालायला लावते, मग फ्रीस्टाइल. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय फाकतात, जांघेच्या हाडाशी दुखतं, तो शेवटी.

माझ्या बॅचमध्ये एक मुलगी होती, बाळ चार महिन्यांचं. सगळ्या गेल्यावर कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल घट्ट धरून म्हणाली, “ताई, खोकले की लघवी होते. सासूबाई म्हणतात, बाळंतपणानंतर व्हायचंच.” होतं अनेकींना, पण ते सोसत बसायचं नसतं. त्यावर उपचार आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी 1948 साली या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं. लघवी आणि वारा दोन्ही रोखतोय अशा बेताने स्नायू आत, वर ओढायचे, श्वास चालू ठेवायचा, जमेल तितके अंक मोजायचे आणि मग पूर्ण सैल सोडायचे. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करायचा नाही. तिला मी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तीन महिन्यांनी खोकताना तिने मांड्या आवळणं सोडलं होतं.

पोटपट्ट्याने सिझरच्या टाक्यांना आधार मिळतो, खोकताना बरं वाटतं. तेवढंच. दुभंगलेले पोटाचे स्नायू तो जुळवत नाही, फार आवळला तर दाब खाली त्या झोळीवरच जातो. स्नायू दुभंगलेत का ते बघायला पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बेंबीच्या वर बोटं ठेवून डोकं जरा उचला. दोनांहून जास्त बोटं आत जात असतील किंवा मधोमध उंचवटा येत असेल, तर सिट-अप्स नकोत, आधी दाखवून घ्या.

त्याच ग्रुपांवर उलटा मेसेजही फिरतो, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत शर्यतीत उतरलेल्या अमेरिकन जलतरणपटू डारा टोरेसचा. एप्रिल 2006 मध्ये तिला मुलगी झाली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकेचाळिसाव्या वर्षी तिने तीन रौप्यपदकं घेतली, हे खरं आहे. पण ती 1984 पासून ऑलिंपिकमध्ये पोहत होती. रात्रभर जागून, हिमोग्लोबिन उतरलेलं असताना आलेल्या मुलीला हे माप लावू नका.

थांबलेलं लाल रक्त पुन्हा जायला लागलं, योनीत काही खाली उतरल्यासारखं जड वाटलं किंवा टाक्याशी दुखलं, तर त्या दिवशी पाण्याबाहेर या आणि डॉक्टरांना दाखवा. एक पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर घरी न जाता तलावावरून थेट दवाखान्यात जा.