बुधवारचा कॉम्प्युटर

मंगळवारी रात्री सेवा केंद्राचं शटर ओढताना कॉम्प्युटर धडधाकट असतो. बुधवारी सकाळी तो पुण्याला सहा महिने राहून आलेल्या पोरासारखा वागतो. चेहरा तोच, अंगातला शर्टही तोच. पण ‘पाहून राह्यलो’ सोडून ‘बघतोय’ म्हणायला लागलेला, आणि स्वतःच्याच घरात माठ कुठं ठेवलाय ते विचारणारा.

यात ग्रहदशेचा संबंध नाही. मायक्रोसॉफ्टवाले २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे अपडेट सोडतात. त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्या इकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. दुसरा मंगळवार ८ तारखेच्या अलीकडे येत नाही आणि १४ च्या पलीकडे जात नाही, म्हणजे पंचांग काढायचीही गरज नाही. दुर्दैव एवढंच, की आमच्या गावचा बाजार बुधवारचा. थैल्या घेऊन माणसं सेवा केंद्राच्या ओट्यावर येऊन बसतात. कोणाला सातबारा पाहिजे, कोणाला उत्पन्नाचा दाखला, कोणाला नुसती आधारची झेरॉक्स. आत पडद्यावर ठिपके फिरत असतात, खळ्यातल्या मेढीभोवती बैल फिरतात तसे.

“काऊन भाऊ, चालू नाई झालं का अजून?”

“अपडेट होऊन राह्यलं काकाजी. तीस टक्के झालं.”

“मंग मी दोन पंप मारून येतो.”

पंधरा लिटरचे दोन पंप फवारून, हातपाय धुऊन काकाजी परत येतात, तेव्हा पडद्यावर ३५ टक्के.

त्याचं कारण असं, की हे टक्के वेळेचे नाहीत, झालेल्या कामांच्या मोजणीचे आहेत. शंभरातली तीस पोती उचलली म्हणून उरलेली सत्तर तेवढ्याच वजनाची असतील असं कोणी सांगितलं? त्यात जुनी फिरती हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम असली, तर एकेका पोत्याला अर्धा तास. डब्यावरचा हार्डडिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर बटणाला हात लावू नये. दोन-तीन तास तो दिवा हललाच नाही, तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरावं. मधेच लाईट गेली तर निर्णय घ्यायची जबाबदारीच संपते. ६०० व्हीएचा यूपीएस नव्या बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटं ओढतो, आणि आमच्या इकडे यूपीएसची बॅटरी नवी असते ती फक्त बिलावर. मग लाईट आली की ‘बदल मागे घेत आहोत’ अशी पाटी येते. म्हणजे पेरलेलं दाणा दाणा उकरून परत पोत्यात भरायचं. पुढच्या रात्री तीच पेरणी पुन्हा.

मला विचाराल तर अपडेट तोडफोड फार कमी करतं. ते विसरतं. आणि नेमकं तेच विसरतं, ज्याच्यावर ओट्यावरची रांग अवलंबून असते.

सगळ्यात आधी विसरतं प्रिंटर. सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ अशी एक खूण असते. ती चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य होतो. कोणी एकदा फाइल पीडीएफ केली, की पुढचे सगळे दाखले पीडीएफच. माणूस ट्रेपाशी वाकून कागदाची वाट पाहतो आणि तिकडे डॉक्युमेंट्समध्ये तोच दाखला सात वेळा जमा झालेला असतो. ती खूण काढून टाका. दुसरं, यूएसबीची वायर कालच्या खाचेतून शेजारच्या खाचेत गेली की विंडोज त्याच प्रिंटरचं दुसरं बारसं करतं आणि नावापुढे ‘कॉपी १’ लावतं. जुनं नाव ‘ऑफलाईन’ म्हणून रुसून बसतं. प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा, पोर्ट्समध्ये जा, यूएसबी००१ वरची खूण ००२ वर न्या, रुसवा जातो. कामं अडकून पडली असतील तर विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवा. मग विंडोजच्या फोल्डरात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. आतल्या फायली पुसा. फोल्डर पुसू नका, उत्साहाच्या भरात ते पुसणारे असतात. स्पूलर पुन्हा सुरू करा. तंबाखू मळून होईपर्यंत काम झालेलं असतं.

पण जानेवारी २०२५ च्या अखेरीस आलेल्या अपडेटनं केलं ते मळून सुटण्यातलं नव्हतं. काही यूएसबी प्रिंटर कोणी सांगितलं नसताना आपोआप कागद छापू लागले. त्यावर अगम्य अक्षरं, आणि सुरुवात बहुतेक वेळा ‘पोस्ट, स्लॅश आयपीपी, स्लॅश प्रिंट’ अशी. रिकाम्या खोलीत दुपारी लाईट येते, प्रिंटर खरखरतो आणि न मागितलेला कागद बाहेर टाकतो. एरवी भानामती म्हणायला आपल्या लोकांना याच्याहून कमी पुरावा लागतो. खरी गोष्ट साधी होती. काही प्रिंटरना दोन भाषा येतात, जुनी यूएसबीची आणि नवी आयपीपी नावाची. संगणक आणि प्रिंटर यांच्यातलं खासगी बोलणं स्पूलरनं मजकूर समजून प्रिंटरकडे पाठवलं, आणि त्यानं ते इमानदारीनं छापलं. सोयरिकीच्या बैठकीत कानात सांगितलेलं कोणी भोंग्यावरून वाचावं, तसं. प्रिंटर चालू केला किंवा वायर परत जोडली की हे हमखास व्हायचं. आणि दिवसातून सहा वेळा लाईट येते-जाते तिथं प्रिंटर सहा वेळा चालू होतो. मार्चमध्ये दुरुस्ती आली. तोवर लिंबू-मिरची बांधली असती तरी मी हसलो नसतो.

प्रिंटरनंतर कीबोर्ड. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आला, म्हणजे इंग्रजी उच्चारानं टंकायचं आणि मराठी उमटायचं. मोठं अपडेट झालं की कधीकधी हा मागे जातो आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक अक्षराची जागा वेगळी ठरलेला दुसरा मराठी कीबोर्ड, पुढे येऊन बसतो. मग ग्रामसभेचा ठराव लिहायला जी, आर, ए, एम दाबावं तर उमटतो एक उकार, एक दुसरी वेलांटी, एक काना-मात्रा आणि शेवटी एकटा ‘स’. नुसते दागिने, नवरीचा पत्ता नाही. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबत राहा, आपला कीबोर्ड परत येतो. ठरावाच्या ओळीच पुढेमागे झाल्या असतील तर दोष मंगल फॉन्टचा नसून त्याच्या गैरहजेरीचा असतो. विंडोज १० पासून मंगल सगळ्या मशीनवर आपसूक नसतो. ऑप्शनल फीचर्समध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ म्हणून वेगळा उतरवावा लागतो.

आणि अंगठा. इथं मला चिडायला होतं. आधीच जन्मभर कापूस वेचून मायबाईंच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. त्यात बुधवारी मशीन म्हणतं, ‘डिव्हाइस नॉट रेडी’. मायबाई समजतात आपलाच अंगठा खराब. बोट लुगड्याला पुसतात, पुन्हा ठेवतात, पुन्हा पुसतात. बोटाचा काही दोष नसतो. अंगठ्याच्या यंत्रामागे आरडी सर्व्हिस नावाचा एक प्रोग्राम असतो, तो याच संगणकावर ११,१०० ते ११,१२० यांतल्या एखाद्या पोर्टवर, म्हणजे आतल्या नंबरच्या दारावर, कान देऊन बसतो. अपडेटनंतर तो उठलेलाच नसतो. सर्व्हिसेसमध्ये त्याचं नाव शोधून ‘ऑटोमॅटिक’ करा आणि सुरू करा. तरी नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे बंद करू द्या’ ही खूण काढा. अपडेटनंतर ती कधीकधी गुपचूप परत लागते. यंत्र हबमध्ये न खोचता डब्याच्या मागच्या खाचेत थेट खोचा. आणि हे सगळं चालू असताना मायबाईंना एवढं सांगा, “माय, तुमचं बोट चांगलं हाय.”

कित्येकदा अपडेटवर नाहक आळ येतो. एकही वेबसाइट उघडत नाही, अपडेट उतरत नाही, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला आणि भिंतीवरच्या लाईटच्या बोर्डाचं बटण बंद केलं की संगणक दहा-पंधरा वर्षं मागे जाऊन उठतो. त्याच्या लेखी वेबसाइटांची आजची सुरक्षेची प्रमाणपत्रं अजून जन्मली नाहीत, मग विश्वास कोणावर ठेवणार? सेल बदला.

खरी मोठी पापं मोजकी आहेत. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटनं काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच गिळल्या. ते थांबवून नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये एक अपडेट शून्य-एक्स-८००७०६४३ असा आकडा दाखवून रोज परत फिरायचं. कारण हार्डडिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेल्या रिकव्हरीच्या कोठीत २५० एमबी मोकळी जागा नाही. उपाय काय सांगितला? कोठी हातानं मोठी करा. बंडी दारातून शिरत नाही म्हणून पाहुण्यानं घरधन्याला भिंत मागे घ्यायला सांगण्यासारखं हे. हार्डडिस्कच्या वाटण्या करणाऱ्या डिस्कपार्ट नावाच्या प्रोग्राममध्ये एक आकडा चुकला तर भिंतच काय, घर जातं. असलं अपडेट परत फिरतं तर फिरू द्यावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर संकटकाळच्या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचा माऊस आणि कीबोर्ड दोन्ही चालेनात. विहिरीत दोर सोडलेला, पण धरायला हात बांधलेले. ही दुरुस्ती मात्र आठवड्याच्या आत आली.

नवं अपडेट नडलंच, तर अपडेट हिस्ट्रीतून ते काढता येतं. आवृत्तीच बदलली असेल तर मागे जायला दहा दिवस मिळतात, मग जुना संसार पुसला जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबी असेल तर त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाचं, करून ठेवा, नाहीतर सकाळी नऊलाच डेटा संपल्याचा मेसेज. ‘अॅक्टिव्ह अवर्स’ जास्तीत जास्त १८ तासांचे होतात; सकाळी सहा ते रात्री बारा लावा, तेवढ्या वेळात आपोआप रीस्टार्ट होत नाही. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे अपडेट पाच आठवडे थांबवता येतात. पीकविम्याची खरिपाची मुदत बहुधा ३१ जुलैला संपते. १ जुलैला थांबवलं की ५ ऑगस्टपर्यंत दम. पण मुदत संपल्यावर तुंबलेलं सगळं आधी घ्यावं लागतं, त्याशिवाय नवी मुदत नाही. सोसायटीचं कर्ज दरवर्षी नवं-जुनं करणाऱ्या माणसाला हे समजावायला लागत नाही.

संध्याकाळी ‘अपडेट करा आणि बंद करा’ दाबायचं आणि घरी जायचं, असा सरळ माणसाचा बेत असतो. विंडोज कित्येक वर्षं या बटणावर अपडेट करून बंद व्हायच्या ऐवजी कधीकधी परत चालूच व्हायचं. येतो म्हणून उठलेला पाहुणा उंबऱ्यावरून वळून पुन्हा चहा मागतो, तसं. विंडोज ११ साठी ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी यावर दुरुस्ती आली. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट त्याच महिन्याच्या १४ तारखेला संपले होते, आणि आमचे डबे एवढे जुने की ११ त्यांना दारात उभं करत नाही. म्हणून शटर अर्ध्यावर धरून वाकून पाहावं लागतं.

“गेला का तो?” रस्त्यावरून काकाजी विचारतात.

“पंखा फिरून राह्यला अजून.”