कोंबडी (लहान), नग १

परवाच्या मंगळवारी एका लावीला घेऊन मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो होतो. तिथून परतताना माझ्या खिशात जो केसपेपर होता, त्यावर तिची नोंद ‘कोंबडी (लहान), नग १’ अशी आहे. हा जपानी लावा आहे, कोंबडी नव्हे, असे मी तिथल्या गृहस्थांना तीनदा सांगितले. त्यांनी छापील कागद माझ्याकडे वळवला आणि गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कुत्रा, कोंबडी या ओळीवरून पेन नेत शांतपणे विचारले, “यातलं कोणतं?” प्रश्न बिनतोड होता. कंसातला ‘लहान’ तेवढा मी भांडून मिळवला.

घरामागच्या पडवीत माझे अकरा लावे, कबुतरांच्या दोन जोड्या आणि एक गावठी कोंबडी आहे. कोंबडी असण्याचे कारण असे की पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली जपानी लावी अंडी भरपूर घालते, पण ती उबवायची असतात हे साफ विसरून गेली आहे. म्हणून कोंबडी खुडूक झाली की मी तिच्याखाली लाव्यांची अंडी सारतो. एकविसाव्या दिवसाची सवय असलेल्या त्या बिचारीच्या पोटाखालून सतराव्या दिवशीच सात-आठ ग्रॅमची, अंगठ्याएवढी पिल्ले बाहेर पडू लागतात, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते पाहण्यासाठीच मी हा उद्योग करतो असे घरच्यांचे मत आहे. ही पिल्ले बशीभर पाण्यातही बुडून मरतात, त्यामुळे बशीत काचेच्या गोट्या टाकाव्या लागतात, आणि शेजाऱ्यांच्या मुलाने त्या पळवल्या की पुन्हा आणाव्या लागतात. असो. त्यातल्या एका लावीचे अंडे अडकले होते. दोन दिवस ती अंग फुगवून कोपऱ्यात बसली होती, म्हणून बुटांच्या खोक्याला भोके पाडून मी तिला नेले.

बाकावर माझ्या शेजारी शेळीची दोरी मनगटाला गुंडाळलेले एक आबा बसले होते. खोक्यातून आवाज येताच ते वाकले.

“काय हाय त्यात?”

“लावी आहे, आबा.”

“रानातली? फॉरेस्टवालं आत घालत्याल.”

इथे मी गप्प बसायला हवे होते. त्याऐवजी मी त्यांना सांगितले की रानातले लावे धरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे हे खरे. पण ही जात जपानी असून १९७४ साली ती कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि मग साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सार सांगितले, “पावन्यानं जपानवरनं चिमणी आणलीया!” दोन म्हशींचे मालक उठून बघायला आले.

“वजन किती भरतंय?”

“पावणेदोनशे ग्रॅम.”

“हाडं धरून?”

मी उत्तर दिले नाही.

“आन् अंडं?”

“दहा ग्रॅम.”

आबांनी बोटांवर हिशेब केला. “म्हंजे कोंबडीच्या एका अंड्याला हिनं पाच घालायची. मग कोंबडीच का पाळत न्हाई?”

“कोंबडीही आहे.”

“ती काय करती?”

“ती यांची अंडी उबवते.”

आबा बराच वेळ शेळीकडे पाहत राहिले. शेळीही माझ्याकडे पाहत होती.

“कबुतरं बी हायती म्हना की.”

“आहेत. दोन जोड्या.”

“खाता?”

“नाही.”

“इकता?”

“नाही.”

“शर्यतीला उडीवता?”

“नाही.”

“मग?”

हा ‘मग?’ मला गेली वीस वर्षे ऐकावा लागतो आहे, आणि त्याची मला मनापासून चीड आहे. दर रविवारी दोन तास गाडी पुसणाऱ्या माणसाला कोणी ‘मग?’ म्हणत नाही. कबुतराचे नर आणि मादी दोघेही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना भरवतात, हे पाहण्यासाठी एखाद्याने कबुतरे पाळली असतील ही शक्यताच कोणाला सुचत नाही. माझे पक्षी एकूण सोळा. मानमोडीच्या लसीची आमच्याकडे मिळणारी सर्वांत लहान बाटली शंभर मात्रांची असते आणि एकदा कालवली की ती दोन-तीन तासांत संपवावी लागते. म्हणजे दर खेपेला चौऱ्याऐंशी मात्रा मी स्वतःच्या पैशाने मोरीत ओततो. दुकानदाराचा सल्ला असा की मी शंभर पक्षी करून टाकावेत. शेजारी तर त्याहून थोर. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा माझ्याकडे दोनच कबुतरे होती आणि नवापूर आमच्यापासून एस.टी.ने एका रात्रीच्या अंतरावर होते, तरी ते महिनाभर नाकाला रुमाल लावून दूध घ्यायला जात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडल्याची बातमी आली, तेव्हा तिचे कात्रण त्यांनी माझ्या दाराच्या फटीतून आत सरकवले. त्यांचा स्वतःचा कुत्रा रात्रभर भुंकतो. पण कुत्र्याला छापील कागदावर जागा आहे.

“बगू दे जरा,” म्हणत आबांनी माझी वाट न पाहता खोक्यात हात घातला. शेळीच्या कासेसाठी आणलेल्या तेलाचे बोट त्यांनी लावीच्या शेपटीखाली फिरवले, आपल्या दोन्ही उबदार तळव्यांत तिला धरले आणि शेळीच्या आजाराबद्दल पलीकडच्या माणसाशी निवांत बोलत बसले. मी अस्वस्थपणे शेजारी उभा होतो. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी मूठ उघडली, तेव्हा तळहातावर तपकिरी ठिपक्यांचे अंडे होते.

“रंग दिलाय व्हय ह्याला?” असे विचारून त्यांनी ते धोतराला पुसले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. “नातवाला दम लागतोय. ह्याच्यावर औषीद हाय म्हनत्यात.”

लाव्याच्या अंड्याने दमा बरा होत नाही हे मी सांगणार होतो. माझा हातही अंडे घेण्यासाठी अर्धवट पुढे गेलेला होता. तेवढ्यात आतून पुकारा झाला, “कोंबडी लहान कोण?” रांगेतल्या सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवले.

डॉक्टरांनी लावीला उलटसुलट करून पाहिले. ती आता ठणठणीत होती आणि त्यांच्या शर्टाच्या बटणाला चोच मारत होती. त्यांनी कागदावर ‘तक्रार नाही’ असे लिहिले आणि कॅल्शियमची बाटली आणायला सांगितली. बाटलीवरची मात्रा शंभर पक्ष्यांची आहे. एका लावीपुरता भागाकार मी अजून करतो आहे.

काल आठवडे बाजारात आबांनी मला कोथिंबिरीच्या ढिगापलीकडून ओळखले. “ओ चिमणीवालं! नातू रात्री झ्याक झोपला. आनखी चार अंडी द्या की.”

मंगळवारचा दिवस, गेलेले अंडे आणि चार तासांचा खोळंबा असे सगळे एकदम मनात आले आणि माझ्या तोंडून निघून गेले, “पाच रुपयाला एक पडेल.”

आबांनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. “इकत न्हाई म्हनला व्हता की!”