‘फक्त 16 मृत्यू’ हा आकडा काय सांगतो? पाम्प्लोनाच्या धावेविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

दरवर्षी जून उजाडला की युरोपच्या सहली आखणाऱ्या मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये एक लांबलचक संदेश फिरू लागतो. स्पेनच्या नावार्रा प्रांतातील पाम्प्लोना शहरात 6 ते 14 जुलै या काळात सान फेर्मिनचा उत्सव भरतो, आणि तिथे जाणाऱ्याने रोज सकाळी रस्त्यावर सोडल्या जाणाऱ्या ‘बैलांपुढे’ धावल्याशिवाय परत येऊ नये, असा त्या संदेशाचा आग्रह असतो. शंभराहून अधिक वर्षांत तिथे फक्त 16 माणसे दगावली, म्हणजे आपल्याकडे रस्ता ओलांडणे त्याहून धोक्याचे. रोज पळणाऱ्या माणसाला बैल गाठू शकत नाही. पडलात तर क्षणात उठून पळत सुटा. घोटभर वाइन घेतली की भीती जाते, आणि मोबाइलवर चित्रीकरण केले की जन्माची आठवण होते. व्हिसासाठी काढलेला विमा आहेच. आणि धोका काय तो सकाळच्या तीन मिनिटांचा, बाकी सगळी आपली जत्राच, असे त्याचे म्हणणे आहे. 2011 मधल्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात तीन मित्र या धावेत उतरले, तेव्हापासून आपल्याकडच्या अनेक तरुणांना तिचे आकर्षण आहे, आणि म्हणूनच हा संदेश केवळ वाचला जात नाही, तो पाळलाही जातो. मी ही धाव कठड्यामागून दोनदा पाहिली आहे. संदेशातले एक वाक्य तर सरळ जीव घेणारे आहे, त्यामुळे गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

आधी शब्दाचे पाहू, कारण गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. मराठीत बैल वेगळा आणि वळू वेगळा. पाम्प्लोनाच्या रस्त्यावर रोज सहा वळू सोडले जातात, आणि त्यांना वाट दाखवण्यासाठी गळ्यात घंटा बांधलेले, खच्ची केलेले बैल त्यांच्यासोबत धावतात. गावाकडे गोठ्यात वाढलेल्या, पोळ्याला रंगवलेल्या बैलाची सवय असलेला माणूस ‘मला जनावराची भीती नाही’ असे म्हणतो तेव्हा तो त्या घंटा बांधलेल्या बैलांविषयी बोलत असतो. वळूंची गोष्ट निराळी आहे. झुंजीसाठीच जोपासलेल्या वंशाचे हे वळू मोकळ्या कुरणांवर, माणसाचा शक्य तितका कमी संपर्क येऊ देऊन वाढवलेले असतात, त्यांचे वजन 500 ते 600 किलोच्या घरात असते, आणि त्यांच्या शिंगांवर कसलेही आवरण नसते.

आता 16 चा आकडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या नोंदींमध्ये तो खरा आहे, आणि तो मी नाकारत नाही. परंतु तो इतका लहान का राहिला, हे संदेश सांगत नाही. मार्गावर जिथे कठडे लागतात तिथे ते दुहेरी असतात, आणि दोन कठड्यांच्या मधली पट्टी प्रेक्षकांसाठी नसून पोलीस व वैद्यकीय पथकांसाठी राखलेली असते, त्यामुळे शिंग लागलेला माणूस काही सेकंदांत प्रशिक्षित हातांत पोचतो आणि तिथून शल्यचिकित्सकांच्या टेबलावर जातो. वळूच्या शिंगाची जखम खोल आणि मळकी असते. पूर्वी माणूस तिच्यातून वाचला तरी पुढे जंतुसंसर्गाने जात असे. माद्रिदमधील लास व्हेन्तास या वळूंच्या झुंजीच्या रिंगणाबाहेर पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पुतळा उभा आहे, तो याच कृतज्ञतेपोटी. मृतांचा आकडा लहान आहे तो या व्यवस्थेमुळे. वळू सौम्य आहेत म्हणून नव्हे. जखमींची गणना तर संदेशात नाहीच, आणि दरवर्षी ठेचकाळलेले, हाडे मोडलेले व शिंग लागलेले मिळून कितीतरी लोक रुग्णालयात जातात. 2009 साली मृत्युमुखी पडलेला 27 वर्षांचा स्पॅनिश तरुण नवखा नव्हता, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

धावण्याच्या वेगाचे गणित सोपे आहे. सांतो दोमिंगो गल्लीतल्या कोंडवाड्यापासून शहरातल्या झुंजीच्या रिंगणापर्यंतचे सुमारे 875 मीटर अंतर कळप बहुधा अडीच मिनिटांच्या आसपास कापतो, म्हणजे 100 मीटरला साधारण 17 सेकंद. मोकळ्या मैदानावर हा वेग काही तरुणांना जमेल. परंतु इथे दगडी फरसबंदी असते, सुरुवातीलाच चढ असतो आणि पुढे-मागे शेकडो माणसे असतात. म्हणूनच स्थानिक जाणकार सगळा मार्ग धावण्याच्या फंदात पडत नाहीत. ते आपला एक छोटा टप्पा निवडतात, वळू आले की काही पावले त्यांच्यापुढे धावतात आणि बाजूला होतात. मेर्कादेरेस गल्लीतून एस्ताफेता गल्लीत शिरताना उजवीकडे जवळजवळ काटकोनी वळण आहे. तिथे वेगात आलेले वळू घसरून बाहेरच्या बाजूच्या कठड्यावर आदळतात. अलीकडे त्या फरसबंदीवर घसरण रोखणारे द्रव्य फवारतात, तरीही त्या बाजूला उभे राहणे म्हणजे संकटाला आमंत्रण. शेवटी रिंगणात नेणारी अरुंद वाट लागते. तिथे एक माणूस पडला की त्याच्यावर दुसरा पडतो आणि माणसांचा ढीग होतो. 13 जुलै 2013 रोजी तिथे अशी चेंगराचेंगरी झाली, तेव्हा काहींचा शिंगाचा स्पर्शही न होता श्वास कोंडला होता. अशा वेळी रोज पळण्याच्या सरावाचा काय उपयोग?

ज्या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते ‘पडलात तर क्षणात उठा’ हे वाक्य आहे. पाम्प्लोनात पहिला धडा दिला जातो तो याच्या नेमका उलट: पडलात तर पडून राहा, दोन्ही हातांनी डोके झाका, अंग आक्रसून घ्या आणि सगळा कळप गेला असे दुसऱ्या कोणी सांगेपर्यंत हलू नका. कळपात धावणारा वळू जमिनीवरचा अडथळा बहुतेक वेळा ओलांडून जातो; खुराचा तडाखा बसेल, बरगडी मोडेल, पण उठणारा माणूस नेमका शिंगांच्या उंचीवर येतो. 1995 साली नगरपालिकेसमोरच्या चौकात 22 वर्षांचा एक अमेरिकन तरुण पडला, उठून उभा राहिला, आणि तेवढ्यात एका वळूचे शिंग त्याच्या पोटात घुसले. तो वाचला नाही. मी पाहिलेल्या दुसऱ्या धावेत माझ्यापासून चार हातांवर एक मुलगा पालथा पडला आणि हाताच्या तळव्यांवर जोर देऊन उठू लागला. कठड्याला चिकटून उभ्या असलेल्या, केस पिकलेल्या एका गृहस्थांनी वाकून त्याच्या मानेवर पंजा ठेवला आणि त्याला पुन्हा खाली दाबले. दोन काळी धुडे त्याच्यावरून गेली. मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीच्या मधोमध खुराचा मातकट ठसा उमटला होता, आणि तो उठून बसला तेव्हा त्या गृहस्थांचा हात तेवढा थरथरत होता.

याला जोडून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कळपातून मागे राहिलेला एकटा वळू सर्वांत घातक असतो, कारण त्याला वाट दाखवायला कोणी नसते आणि तो हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर वळतो. (लाल रंगाने तो चवताळतो, ही समजूत चुकीची आहे, त्याला डिवचते ती हालचाल.) त्यामुळे कळप गेला म्हणून लगेच रस्त्याच्या मध्ये येऊ नये, आणि वळूला हात लावणे, हाका मारून त्याचे लक्ष वेधणे हे तर कधीच करू नये. हिरवे सदरे घालून हातात लांब काठ्या घेतलेले गुराखी मागून धावत असतात. त्या वळूला आवरणे हे त्यांचे काम आहे.

दारू आणि मोबाइल यांविषयी वाद घालण्यासारखे काही नाही, कारण दोन्ही नियमानेच वर्ज्य आहेत. 18 वर्षांखालील, प्यालेले, पाठीवर पिशवी असलेले, चित्रीकरण करणारे किंवा भलतीच पादत्राणे घातलेले लोक पोलीस मार्गातून बाहेर काढतात आणि दंडही होतो. रात्रभर जागून, दोन तासांपूर्वीपर्यंत पिऊन आलेला माणूस स्वतःला शुद्धीवर समजतो, आणि तो शेजारी धावणाऱ्याच्याही पायात येतो. विम्याबाबत एवढेच की शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो, हे खरे. पण पुष्कळ पॉलिसी धाडसी खेळ आणि मद्यपान यांतून झालेल्या इजा वगळतात. निघण्यापूर्वी अपवादांचे पान वाचा आणि विमा कंपनीला नेमके हेच विचारून उत्तर लेखी घ्या.

‘बाकी सगळी जत्राच’ हे विधानही मला मान्य नाही. नावार्रेरिया चौकातील कारंज्याच्या खांबावरून खालच्या गर्दीच्या हातांत उडी मारण्याच्या खुळापायी परदेशी पर्यटकांनी गंभीर इजा ओढवून घेतल्या आहेत. 7 जुलै 2016 च्या पहाटे याच उत्सवात पाच पुरुषांनी एका 18 वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार केला. 2019 मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा 15 वर्षांवर नेली. मुलींनी घरी बसावे, असे मी म्हणणार नाही. सोबतच्या प्रत्येकाला मुक्कामाचा पत्ता पाठ असावा, रात्री कोणालाही एकटे सोडू नये, भेटण्याची जागा फोनवर विसंबून न राहता आधीच ठरवावी, आणि 112 हा तातडीचा क्रमांक सर्वांना ठाऊक असावा.

ज्याला तरीही धावायचे आहे त्याने निदान पहिली सकाळ कठड्याबाहेरून पाहण्यासाठी ठेवावी, आणि तीही शनिवार-रविवारची नको, कारण तेव्हा गर्दी फार वाढते. सहाच्या सुमारास जाऊन जागा धरावी आणि आठ वाजता इशाऱ्यासाठी उडवल्या जाणाऱ्या आतषबाजीच्या बाणांचे आवाज मोजावेत. पहिला बाण कोंडवाड्याचे दार उघडल्याचा, दुसरा सगळे वळू बाहेर पडल्याचा, तिसरा ते रिंगणात पोचल्याचा, आणि चौथा ते तिथल्या कोंडवाड्यात बंद झाल्याचा. पहिल्या दोन बाणांत जितके अंतर जास्त, तितका कळप फुटलेला समजावा. चौथा बाण ऐकू येईपर्यंत रस्त्यात पाऊल टाकू नये.