सलगम टाऊनशेंडने आणला नाही

स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, शेतीविषयक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि फेसबुकवर एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. चार्ल्स टाऊनशेंड नावाच्या इंग्रज उमरावाने १७३० मध्ये मंत्रिपद सोडलं आणि तो गावी जाऊन शेतकरी झाला. हॉलंडमध्ये पाहिलेला सलगम (टर्निप, मुळ्यासारखं कंदपीक) त्याने पहिल्यांदा इंग्लंडच्या शेतात लावला, पिकांची चार वर्षांची फेरपालट शोधून काढली आणि देशाची उपासमार संपवली. काही आवृत्त्यांत पुढे भर असते: त्याने व्यभिचाराच्या संशयावरून बायकोला वाड्यात कोंडून मारलं, तिच्या भुताचा फोटोसुद्धा आहे, आणि अमेरिकेत चहावर कर लावून स्वातंत्र्ययुद्ध पेटवणारा टाऊनशेंड हाच.

माणूस खरा आहे. नॉरफोकमधल्या रेनमचा दुसरा व्हायकाउंट, जन्म १६७४, मृत्यू १७३८. त्याच्या नावावर चिकटवलेलं बहुतेक सगळं मात्र चुकीचं आहे. ते एकेक करून सांगतो, कारण या गोष्टीमुळे ज्यांनी खरोखर काम केलं त्यांचं श्रेय हिरावलं जातं.

आधी सलगम. १५६५ मध्ये नॉरिच शहराने धार्मिक छळातून पळून आलेल्या डच आणि वालून (आजच्या बेल्जियममधल्या फ्रेंच भाषक) विणकरांच्या तीस कुटुंबांना वस्तीची परवानगी दिली. पुढे त्यांची संख्या हजारांत गेली. ही माणसं कापड विणण्याबरोबर भाजीपालाही उत्तम पिकवत. त्यांच्या मळ्यांतून सलगम नॉरिचच्या बाजारात येऊ लागला तेव्हा टाऊनशेंडच्या जन्माला शंभर वर्षं अवकाश होता. सरेमधला जमीनदार सर रिचर्ड वेस्टन यादवी युद्धाच्या काळात फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, परागंदा होता. तिथे हलक्या जमिनीत सलगम आणि क्लोव्हर कसे घेतात ते त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडचे दूधवाले शेतकरी जो बरसीम लावतात त्याच्याच कुळातलं चारापीक. वेस्टनचं हे लिखाण १६५० मध्ये छापलंही गेलं.

टाऊनशेंडच्या स्वतःच्या जहागिरीत काय होतं? रेनमच्या शेतांवर सलगम पहिल्यांदा आला तेव्हा चार्ल्स फार तर लहान मुलगा होता. वडील होरेशिओ १६८७ मध्ये वारले आणि तेराव्या वर्षी त्याच्या नावावर किताब आणि जमीन आली. तो सज्ञान होईपर्यंत कारभार पालकांच्या हाती होता. त्या पालकांपैकी एक होते शेजारच्या हौटनचे रॉबर्ट वॉलपोल, पुढे पंतप्रधान झालेल्या वॉलपोलचे वडील. हौटनच्या शेतांवरही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच सलगम घेतला जात होता. १७०९ मध्ये राजदूत म्हणून हेगला गेलेल्या टाऊनशेंडला जे पीक हॉलंडमध्ये ‘सापडलं’ असं सांगतात, ते त्याच्या घरच्या आणि शेजारच्या शिवारात आधीपासून उभं होतं.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा मोठ्या लोकांच्या कागदपत्रांत नाही, तो साध्या शेतकऱ्यांच्या मरणोत्तर याद्यांत आहे. माणूस वारला की गावातली दोन-चार जाणती माणसं त्याच्या घरी येत आणि खोल्या, गोठा, कोठार, शिवार फिरून प्रत्येक चीजवस्तूची किंमत लावत. पलंग, पितळी भांडी, गाई, मेंढ्या, कणगीतला जव, उभं पीक, सगळं त्यात यायचं. इतिहासकारांनी नॉरफोक आणि सफोकमधल्या अशा याद्या मोठ्या संख्येने तपासल्या आहेत. त्यांत सलगम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो आणि दशकागणिक वाढत जातो. १७२० च्या दशकापर्यंत सुमारे निम्म्या शेतकऱ्यांच्या यादीत तो आहे. टाऊनशेंड तेव्हा लंडनमध्ये परराष्ट्र व्यवहार सांभाळत होता. तो १७३० मध्ये गावी परतला तेव्हा त्याच्या जिल्ह्यातले निम्मे शेतकरी ते पीक घेत होते, मग त्याने ते त्यांना दिलं कसं म्हणायचं?

त्याचं नाव सलगमाला चिकटलं कसं, हे मात्र कळतं. निवृत्तीनंतर त्याला शेतीचा खरोखर नाद लागला होता आणि तो सलगमाबद्दल भरभरून बोलायचा. अलेक्झांडर पोपने १७३७ मध्ये एका कवितेत टाऊनशेंडच्या सलगमांचा ओझरता उल्लेख केला. कवी नामवंत आणि उमराव माजी मंत्री, त्यामुळे ती जोडी लोकांच्या तोंडी बसली. नंतरच्या शेतीलेखकांनी आणि एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी तिला जनकपदापर्यंत नेलं आणि तिथून ती शाळेच्या पुस्तकांत उतरली.

फेरपालटीचा दावा तर आणखी कच्चा आहे. गहू, सलगम, जव, क्लोव्हर असा हा चार वर्षांचा क्रम. त्याची करामत अशी की जमीन पड टाकावी लागत नाही. सलगम ओळीत किंवा विरळ ठेवून खुरपला की तण निघतं. हिवाळ्यात त्याच शेतात मेंढ्या बसवायच्या; धनगरांची खांडं रानात बसवून आपल्याकडे जसं खत करून घेतात तसंच. मेंढ्यांनी सलगम खायचा आणि लेंड्या-मूत शेतातच पडायचं. पुढच्या जवात क्लोव्हर पेरायचा, तो हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरतो आणि मग गव्हाला जमीन तयार मिळते. गाठींमागचं हे शास्त्र १८८० च्या दशकात उलगडलं, पण अनुभवाने ते शेतकऱ्यांना फार आधी ठाऊक होतं.

फ्लँडर्समध्ये हे तुकडे सतराव्या शतकातच जुळलेले होते. नॉरफोकच्या शेतकऱ्यांनी सुरुवातीला सलगम फक्त जादाचा चारा म्हणून घेतला, क्लोव्हर वेगळा लावला आणि कितीतरी वर्षं दोन्ही आपापल्या सोयीने वापरले. शिस्तीचा चार वर्षांचा क्रम मोठ्या प्रमाणावर रूढ व्हायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली. तोवर टाऊनशेंड जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. शिवाय हलक्या, आंबट वाळूत हे काही जमणारं नव्हतं. तिच्यात आधी चुनखडीची चिकणमाती खोल खड्ड्यांतून काढून, गाड्या भरभरून पसरावी लागे. टाऊनशेंडने रेनमवर हे काम केलं, ते मान्य केलं पाहिजे. पण नॉरफोकभर असा खर्च आणि अशी मेहनत कुळांनीही केली, कारण त्यांच्याकडे लांब मुदतीचे, बऱ्याचदा एकवीस वर्षांपर्यंतचे पट्टे होते. आज घातलेल्या मातीचं पीक आपल्यालाच मिळेल अशी खात्री असल्यावरच माणूस इतकं राबतो.

उपासमारीचा मुद्दा थोडक्यात. इंग्लंडमधला शेवटचा मोठा भूकबळींचा काळ १६२३ च्या सुमाराचा, तोही मुख्यतः वायव्य भागातला. टाऊनशेंडच्या हयातीत इंग्लंड धान्य निर्यात करत होतं आणि निर्यातीवर सरकार बक्षिसीही देत होतं. सलगम-क्लोव्हरचा खरा कस लागला तो नंतर. १७५० च्या सुमारास इंग्लंडची लोकसंख्या ५७ लाखांच्या आसपास होती, ती १८०१ पर्यंत ८६ लाखांच्या आसपास गेली आणि बहुतांश धान्य देशातच पिकलं. ते श्रेय हजारो शेतांचं आहे. सलगमाआधी हिवाळ्यात सगळी जनावरं कापावी लागत, हेही अतिशयोक्त आहे. गवताची गंजी आणि कडबा होताच.

‘सत्ता लाथाडून शेतकरी झाला’ हे वाक्य लोकांना विशेष आवडतं. टाऊनशेंडने सत्ता लाथाडली नाही, तो हरला. शाळेपासूनचा मित्र, शेजारी आणि मेहुणा असलेल्या रॉबर्ट वॉलपोलबरोबर त्याने अनेक वर्षं राज्य चालवलं. ऑस्ट्रियाविरुद्ध किती ताणायचं यावरून दोघांचं बिनसलं आणि संसद व खजिना हाती असलेला वॉलपोल वरचढ ठरला. पेढीचं नाव ‘टाऊनशेंड आणि वॉलपोल’ होतं तोवर सगळं सुरळीत होतं, नावांचा क्रम उलटला आणि बिघडलं, असं वॉलपोलच म्हणाल्याचं सांगतात. मे १७३० मध्ये राजीनामा देऊन टाऊनशेंड रेनमला गेला आणि पुन्हा लंडनच्या राजकारणात आला नाही. पराभवानंतर कटकारस्थानं न करता घरी बसणं त्या काळात दुर्मीळ होतं, आणि त्याचा मोठेपणा मला तिथे दिसतो. पण तो कुदळ घेऊन शेतात उतरला नव्हता. पूर्वजांनी मेंढपाळीवर आणि वकिलीवर उभी केलेली हजारो एकरांची जहागीर तो सांभाळत होता. त्याचा एक पूर्वज पंधराव्या शतकात न्यायाधीश होता, पणजोबांच्या पिढीच्या आधीपासून घराण्याचे मेंढ्यांचे मोठमोठे कळप होते आणि रेनम हॉलचं बांधकाम आजोबांनी १६१९ मध्ये सुरू केलं.

बायकोबद्दलची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. डोरोथी वॉलपोल ही त्याची दुसरी पत्नी. लग्न १७१३ मध्ये झालं, त्यांना मुलं झाली आणि मार्च १७२६ मध्ये ती देवीच्या रोगाने गेली. कोंडून ठेवल्याच्या कहाण्या नंतरच्या आहेत आणि भूत दिसल्याचे गाजलेले किस्से १८३५ च्या सुमारापासूनचे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी सुरू झालेले. जिन्यावरच्या धूसर आकृतीचा जो फोटो फिरतो, तो १९३६ मध्ये एका इंग्रजी मासिकात छापला गेला. कॅमेऱ्यातल्या एकाच काचेवर दोनदा प्रकाश पडला तरी अशी आकृती उमटते. रोगाने गेलेल्या बाईच्या नावावर पुराव्याविना व्यभिचार आणि तिच्या नवऱ्याच्या नावावर खून लिहून पुढे पाठवणं थांबवा, एवढीच विनंती.

चहाच्या कराची गल्लत नावामुळे होते. १७६७ चे ते कायदे आणणारा अर्थमंत्री चार्ल्स टाऊनशेंड हा याचा नातू, १७२५ मध्ये जन्मलेला. आजोबा या कायद्यांच्या एकोणतीस वर्षं आधी वारले होते. नातूही कायद्यांचे परिणाम पाहायला उरला नाही, त्याच सप्टेंबरमध्ये गेला. त्याचा थोरला भाऊ जॉर्ज १७५९ मध्ये क्वेबेकला सेनापती वुल्फ पडल्यावर सैन्याची सूत्रं घेणारा. चुलतभाऊ थॉमस टाऊनशेंड म्हणजे लॉर्ड सिडनी. ऑस्ट्रेलियातल्या शहराला त्याचं नाव आहे, आणि १७८४ मध्ये कंपनीच्या भारतातल्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा पहिला अध्यक्षही तोच. पुढे याच घराण्यातला जनरल टाऊनशेंड १९१५-१६ मध्ये इराकमधल्या कुत येथे पुणे डिव्हिजन घेऊन वेढ्यात अडकला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्याच्या हाताखाली होत्या. शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून चालत बंदिवासात नेलं गेलं आणि जनरल इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला.

मुलीकडचा एक नातू त्या पोस्टमध्ये कधीच नसतो. टाऊनशेंडची मुलगी एलिझाबेथ कॉर्नवॉलिस घराण्यात दिली होती. तिचा मुलगा चार्ल्स ३१ डिसेंबर १७३८ ला जन्मला, आजोबा गेल्यावर सहा महिन्यांनी. हाच लॉर्ड कॉर्नवॉलिस. टिपूवरच्या १७९०-९२ च्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने होते, त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही. त्याने १७९३ मध्ये बंगालात कायमधारा लागू केला. सारा कायमचा ठरवून जमिनीची मालकी जमीनदारांना दिली, या आशेवर की इंग्लंडमधल्या सुधारक जमीनदारांसारखे तेही जमिनीत पैसा घालतील. नॉरफोकमध्ये राबलेल्या कुळांकडे लांब मुदतीचे पट्टे होते, हे त्या आशेत हरवलं. बंगालच्या रयतेला पट्टे द्यावेत अशी तरतूद कायद्यात होती. ती कागदावरच राहिली आणि कितीतरी जमीनदार कलकत्त्यात राहून खंड वसूल करत राहिले.