बटण १०८०पीवर सरकवलं म्हणून पीएस२ एचडी होत नाही

व्हॉट्सॲपवर एक कृती जोरात फिरते आहे: पीएस२ची (प्लेस्टेशन २ या जुन्या गेम कन्सोलची) पिवळी-लाल-पांढरी वायर एव्ही-टू-एचडीएमआय डबीत खोचा, बटण १०८०पीवर सरकवा, पुढे यूएसबी कॅप्चर कार्ड (चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र) लावा. एचडी स्ट्रीम तयार, सगळे गेम चालतात, लॅग (चित्र उशिरा दिसणं) नाही. सीताबर्डीच्या बाजारात एका फेरीत हे सामान मिळतं, म्हणून नागपुरात अनेकांची सुरुवात यानेच होते. पैसे घालवण्याआधी हे वाचा.

‘एचडी मिळतं’ हे खोटं. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकाच तारेतून मिसळून येतात. मिसळलेले पुन्हा पुरते वेगळे होत नाहीत. डबी तेच चित्र ताणते. फरक पडतो तो कंपोनंट केबलने, ती उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून नेते. मात्र ती लावण्याआधी, जुनी वायर असतानाच, पीएस२च्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमधलं ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ आरजीबीवरून ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’वर न्या. हे राहून गेलं की रंग बिघडतात आणि चांगली केबल खराब समजून परत जाते.

‘सगळे गेम चालतात’ ही सर्वांत महागात पडणारी चूक. पीएस१ आणि त्याआधीचे बहुतेक गेम २४०पी देतात, म्हणजे सेकंदाला ६० पूर्ण चित्रं. स्वस्त डबी त्यांना ४८०आयच्या (एकाआड एक ओळींनी येणाऱ्या चित्राच्या) अर्ध्या ओळी समजते आणि दोन चित्रं एकात विणते. मार लागल्यावर लुकलुकणारा खेळाडू मग कंगव्यासारखा चिरलेला दिसतो, नाहीतर अर्धा पारदर्शक. ओबीएस या स्ट्रीमिंग सॉफ्टवेअरमध्ये हे दुरुस्त होत नाही. २४०पी ओळखणारं यंत्रच लागतं: रेट्रोटिंक २एक्स, ओएसएससी किंवा जीबीएस-कंट्रोल. शेवटच्याला व्हीजीए-टू-एचडीएमआयची जोड द्यावी लागते.

पाल (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) कन्सोल ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं देतं. डबीने त्याचे ६० केले की दर पाच फ्रेममागे एक दुप्पट होते आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. त्यात यूएसबी २.० चं स्वस्त कार्ड १०८०पीला बहुधा ३० फ्रेमच देतं. कार्डावर ७२०पी६० निवडा. चित्र ४:३ ठेवा: १०८०पीच्या कॅनव्हासवर १४४० × १०८०.

‘लॅग नाही’ म्हणणाऱ्याने प्रीव्ह्यू बघत एकदा उडी मारून पाहावी. खेळायचं टीव्हीवर, प्रीव्ह्यू फक्त तपासायला. पण सिग्नल साध्या वाय-जोडणीने फोडू नका, दोन्हीकडे चित्र काळवंडतं. वीज लागणारा स्प्लिटर घ्या. व्हिडिओ कार्डातून उशिरा येतो, माइक लगेच. म्हणून ओबीएसमधलं ‘सिंक ऑफसेट’ (आवाज मागे ढकलणारी सेटिंग) माइकला द्या.

आणि नवतप्याच्या उन्हात कूलर त्याच एक्स्टेंशन बोर्डावर नको. मोटर चालू-बंद होताना चित्रावर रेघा उमटतात. संथ सरकणारा आडवा पट्टा मात्र बहुतेकदा अर्थिंगचा: लॅपटॉपचा चार्जर काढा, पट्टा गेला तर वायर बदलू नका, कन्सोल, टीव्ही, लॅपटॉप एकाच सॉकेटवर आणा. कॅप्चर कार्ड थेट पोर्टात न खोचता वीतभर यूएसबी एक्स्टेंशनवर, लॅपटॉपच्या गरम हवेपासून दूर ठेवा.