१३२ कोटी डॉलरचा क्रीडाविभाग विकत कोण घेणार?

डिसेंबर २०२४ मध्ये सीएनबीसी या अमेरिकी अर्थवाहिनीने अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडाविभागांची मूल्यांकन यादी काढली. ओहायो स्टेट १.३२ अब्ज डॉलर, टेक्सस १.२८, टेक्सस ए अँड एम १.२६. तेव्हापासून या आकड्यांच्या आधारावर एक दावा सर्रास फिरतो: तिथली विद्यापीठं खेळातून अब्जावधी कमावतात, ही किंमत संघाच्या लोकप्रियतेची असते आणि एकदा बड्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या आणि प्रक्षेपणाचे हक्क मिळून विकणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) प्रवेश मिळाला की पैशाचा प्रश्न सुटतो. यादी खोटी नाही. तिच्यातून काढलेले निष्कर्ष मात्र एकेक करून तपासावे लागतात.

‘किंमत १३२ कोटी, म्हणजे तेवढी संपत्ती’

वॉशिंग्टन कमांडर्स हा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ २०२३ मध्ये ६.०५ अब्ज डॉलरला विकला गेला. कुणीतरी खरोखर पैसे मोजले, म्हणून ती किंमत. ओहायो स्टेट हे सरकारी विद्यापीठ आहे. त्याच्या क्रीडाविभागाचे शेअर नाहीत, मालक नाही आणि तो बाजारात येणारही नाही. मग आकडा येतो कुठून? वर्षाचा महसूल घ्यायचा आणि त्याला अंदाजाने ठरवलेल्या पटीने गुणायचं. इथे महसूल सुमारे २८ कोटी, म्हणजे पट साधारण ४.७. महसूल हिशेबाच्या वहीत सापडतो, पट मात्र मूल्यांकन करणाऱ्याचा अंदाज असतो. तो ठरवताना सर्वांत जास्त वजन पडतं ते विद्यापीठ कोणत्या कॉन्फरन्समध्ये आहे याचं.

‘एवढा महसूल, म्हणजे नफाच’

हे २८ कोटी २०२२-२३ या आर्थिक वर्षाचे. पुढच्याच वर्षी महसूल साडेपंचवीस कोटींच्या आसपास उतरला आणि ओहायो स्टेटने ३.७७ कोटी डॉलरचा तोटा दाखवला. एक मोठं कारण अगदी साधं आहे. २०२२ च्या हंगामात घरच्या मैदानावर फुटबॉलचे आठ सामने झाले, २०२३ मध्ये सहाच. लाखाच्या वर आसनं असलेल्या स्टेडियममधले दोन सामने गेले की तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं सगळंच जातं. खर्च मात्र तसाच राहतो, कारण विभाग ३६ खेळ चालवतो आणि त्यातले बहुतेक स्वतःचा खर्च भागवू शकत नाहीत.

तोट्याचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या क्रीडाविभागाच्या खात्यावर पूर्ण शुल्काच्या दराने टाकल्या जातात. म्हणजे तो पैसा विद्यापीठाच्या एका खिशातून दुसऱ्यात जातो. उलट, अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांकडून सक्तीने घेतलेली क्रीडा फी आणि विद्यापीठाची मदतही ‘महसूल’ म्हणून मांडतात. त्या रकमेला पटीने गुणलं की विद्यार्थ्यांची फीसुद्धा ‘ब्रँडची किंमत’ होऊन बसते! विद्यापीठीय खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये वरच्या स्तरावर फुटबॉल खेळणाऱ्या १३० विद्यापीठांपैकी फक्त २५ ठिकाणी स्वतः कमावलेला पैसा खर्चापेक्षा जास्त होता. त्यात जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना महसुलातला थेट वाटा देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे २.०५ कोटी डॉलर. वरच्या कॉन्फरन्समध्ये टिकायचं तर हा खर्च टाळता येत नाही.

‘किंमत लोकप्रियतेची’

याचं उत्तर पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्समध्ये आहे. जून २०२२ मध्ये तिच्यातल्या यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी बिग टेन या बड्या कॉन्फरन्समध्ये जाण्याचं जाहीर केलं. २०२३ च्या उन्हाळ्यात उरलेलेही पांगले आणि मागे राहिले फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांचं स्टेडियम तेच, माजी विद्यार्थी तेच, प्रेक्षकही तेच. फक्त सामायिक प्रक्षेपण करार गेला आणि उत्पन्नाचा पायाच खचला. २०२३-२४ मध्ये बिग टेनच्या जुन्या सदस्यांना प्रत्येकी साधारण ६.३ कोटी डॉलर मिळाले, एसईसी या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्समध्ये सुमारे सव्वापाच कोटी, एसीसी या तिसरीत साडेचार कोटी. कॉलेज फुटबॉल प्लेऑफ या हंगामाअखेरच्या विजेतेपद स्पर्धेच्या २०२६ पासूनच्या करारात तर बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी सुमारे २९ टक्के, एसीसीला १७ आणि बिग ट्वेल्व्ह या चौथ्या कॉन्फरन्सला १५ टक्के. संघ हरला काय, जिंकला काय, यातला बराचसा पैसा सदस्यत्वामुळे येतो.

लोकप्रियता असूनही अडकून पडण्याचं उदाहरण फ्लोरिडा स्टेटचं. तिचे प्रक्षेपण हक्क २०३६ पर्यंत एसीसीकडे लिहून दिलेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये तिने दावा ठोकला. मार्च २०२५ च्या तडजोडीत प्रेक्षकसंख्येनुसार जास्त वाटा मिळण्याची सोय झाली आणि बाहेर पडण्याचा दंड टप्प्याटप्प्याने उतरेल असं ठरलं. फुटबॉलमध्ये कोणत्याही कॉन्फरन्सविना स्वतंत्र राहून एनबीसी या वाहिनीशी स्वतःचा करार करणारं नोत्र दाम विद्यापीठ हा अपवाद आहे. दुसरं नोत्र दाम दाखवता येत नाही.

‘मोठ्या कॉन्फरन्समध्ये शिरलं की झालं’

दारात शिरायची किंमत असते. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये साधारण निम्म्या वाट्यावर गेले. स्टॅनफर्ड आणि कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) यांनी एसीसीत सुरुवातीची सात वर्षं सुमारे ३० टक्के वाटा मान्य केला. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षं एसीसीच्या प्रक्षेपण पैशावर पाणी सोडलं, देणगीदारांच्या भरवशावर. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्हमधून एक वर्ष आधी सुटण्यासाठी मिळून दहा कोटी मोजले. यूसीएलए आणि कॅल एकाच सरकारी विद्यापीठ-मंडळाखाली येतात; त्या मंडळाने यूसीएलएवर कॅलला वर्षाला एक कोटी देण्याची अट घातली, आणि वर न्यू जर्सीपर्यंतचा विमानप्रवास. न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ २०१४ पासून बिग टेनमध्ये आहे आणि तरी तोट्यातून बाहेर आलेलं नाही.

तेव्हा अशी यादी दिसली तर सरकारी विद्यापीठाचा एनसीएएला दिलेला वार्षिक आर्थिक अहवाल मागवा. सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली तो बहुतेक ठिकाणी मिळतो. त्यातून विद्यार्थी फी आणि विद्यापीठाची मदत वजा करा. कॉन्फरन्सकडून आलेली रक्कम वेगळी काढा. त्या वर्षी घरचे सामने किती होते ते बघा आणि स्टेडियमच्या कर्जाचा हप्ता खर्चात शोधा. खासगी विद्यापीठांचा हा अहवाल मिळत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याकडे त्यांनी दिलेल्या तक्त्यात महसूल आणि खर्च पुष्कळदा डॉलर-डॉलर जुळलेले दिसतात, त्यावर विसंबू नका. शेवटी प्रक्षेपण कराराची मुदत तपासा. बिग टेनचा सध्याचा करार २०२९-३० च्या हंगामापर्यंतच आहे, आणि ४.७ ही पट त्याच्या पुढचीही वर्षं गृहीत धरते.