आमेन म्हणा आणि बटण दाबा

निवडणुका येतात आणि जातात, पण आपल्या चर्चला प्रचार कसा करावा हे काही अजून धड जमत नाही. फादर प्रवचनात आडून आडून सुचवतात, पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे चर्चच्या सल्लागार मंडळाचा, एखादा माणूस पायरीवर गाठून कानात सांगतो, आणि भाविक बिचारे बटण कुठलं दाबायचं या विवंचनेत घरी जाऊन मटण शिजवतात. हे काम शिस्तीत व्हायला हवं. नुकत्याच झालेल्या महापालिकेच्या धामधुमीत आमच्याकडे, वसईत, जे बघायला मिळालं त्यावरून चार सूचना करतो. पुढच्या खेपेला उपयोगी पडतील.

उमेदवाराचा पक्ष सांगणार नाही. सांगितला की निम्मे वाचक खूश होतील, निम्मे मला दुसऱ्या पक्षाचा दलाल म्हणतील, आणि सूचना कोणीच वाचणार नाही. शिवाय मागच्या खेपेला तो वेगळ्याच पक्षात होता.

सुरुवात प्रार्थनेपासून करावी. 'मत द्या' हे शब्द वेदीवरून कधीही उच्चारू नयेत, ते अडाणीपणाचं लक्षण आहे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये पोप, बिशप, आजारी माणसं झाली की हळूच एक घालावी: 'आपल्या भागाच्या विकासासाठी रात्रंदिवस झटणाऱ्या, आपल्या समाजाची जाण असणाऱ्या आणि आज आपल्यामध्ये उपस्थित असलेल्या नेत्याला उदंड आरोग्य आणि यश लाभावं म्हणून आपण प्रार्थना करू या.' लोक सवयीने 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणून मोकळे होतात. मागणी थेट देवाकडे केलेली असते, आणि निवडणूक अधिकाऱ्याला देवावर नोटीस काढता येत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'आपला पॅरिश परिवार' ठेवावं आणि ॲडमिन उमेदवाराचा भाचा असावा.

कायद्याची धास्ती बाळगू नये. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 (3) धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार मानतं, हे खरं. विलेपार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीवरून डॉ. रमेश प्रभूंची आमदारकी गेली आणि बाळासाहेब ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला, तेव्हा 'बरं झालं, देशात कायदा आहे म्हणायचा' असं आपल्यातलेच कितीतरी लोक म्हणाले. पण ते त्यांच्यासाठी. पुढे 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की नुसता उमेदवाराचा नव्हे, मतदाराचा धर्म काढून मत मागितलं तरी तो भ्रष्ट आचारच. 'आपला माणूस', 'आपल्या लोकांनी', 'आपली मतं फुटता कामा नयेत' ही सगळी वाक्यं त्यात येतात, म्हणजे पॅरिश हॉलमधलं अख्खं भाषणच येतं. पण घाबरू नका. ते प्रकरण सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीवरून सुरू झालं होतं. 1990 चा प्रश्न, 2017 चं उत्तर! तोवर आपला माणूस पाच वेळा निवडून आलेला असेल आणि तीन वेळा पक्ष बदलून झालेला असेल. महापालिकेला कायदा वेगळा, असंही एखादा वकील म्हणेल. म्हणू दे. देऊळ, मशीद, चर्च प्रचारासाठी वापरू नका हे आचारसंहिता तर सगळ्यांनाच सांगते, आणि आचारसंहितेला आपल्याकडे कोण किती भीक घालतं ते तुम्हाला माहीतच आहे.

कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, पुस्तक मात्र कुलपात ठेवा. त्यातला 287 वा नियम म्हणतो की धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये. चर्चच्या हक्कांचं रक्षण किंवा सर्वांचं हित यासाठी गरजच पडली आणि वरिष्ठांनी तसं ठरवलं, तर अपवाद आहे. दफनभूमीची कंपाउंड भिंत या अपवादात आरामात बसवता येते.

आता मतांच्या भावाविषयी. इथे आपण फार कच्चे आहोत. केरळकडून शिका. मार्च 2023 मध्ये तलश्शेरीचे आर्चबिशप जोसेफ पाम्प्लानी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात सरळ बोलले: केंद्राने रबर किलोला 300 रुपयांनी घ्यायचं वचन द्यावं, केरळातून एकही खासदार नाही ही भाजपची उणीव आम्ही भरून काढू. रबरवाल्यांचं दुखणं खरंच होतं, भाव कोसळला होता. पण मला आवडला तो रोखठोकपणा. किलोला तीनशे. पावती मागता येईल असा सौदा. आपण काय मागतो? पेव्हर ब्लॉक. सणाच्या मंडपाचं भाडं. ग्रोटोसमोर, म्हणजे मारिया मातेच्या गुहेसमोर, एक हायमास्ट दिवा, त्याच्या खांबावर नगरसेवकाचं नाव मारिया मातेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. हजारो मतांचा गठ्ठा आणि किंमत एक दिवा!

याच सौद्याची पुढची गोष्टही लक्षात असू द्या, म्हणजे ऐनवेळी चेहरा कसा करायचा याची तयारी राहते. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडमधल्या दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरांना पकडून धर्मांतराच्या आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. राज्यात सरकार त्याच पक्षाचं. त्या दिवसांत रबराचा भाव कोणी काढल्याचं ऐकिवात नाही.

कम्युनिस्टांच्या विरोधात असलं की चालतं, असंही कोणी समजू नये. केरळातच 1957 ला नंबुद्रीपादांचं सरकार लोकांनी मतं देऊन आणलं, त्याने खासगी शाळांच्या व्यवस्थापनाला लगाम घालणारं शिक्षण विधेयक आणलं, आणि चर्च नायर सर्व्हिस सोसायटीच्या खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरलं. 31 जुलै 1959 ला दिल्लीने ते सरकार बरखास्त केलं. निवडून आलेलं सरकार केंद्राने घरी पाठवलं याचा आनंद करायला आपण पुढे होतो. आज कुठे राज्यपालांनी काही केलं की संविधानाच्या नावाने गळा काढायलाही आपणच पुढे असतो. सूचना एवढीच, की शाळेच्या मॅनेजमेंटचा प्रश्न आला की त्याला 'श्रद्धेवर घाला' म्हणावं. शिक्षकभरतीच्या देणग्यांचा विषय निघाला की डोळे मिटून माळ जपावी.

बिशपांची पत्रं अर्धीच वाचावीत. ही फार महत्त्वाची सूचना. 2018 साली गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव, जे 2022 मध्ये कार्डिनल झाले, यांनी आपल्या पत्रात संविधान धोक्यात आहे असं लिहिलं. चॅनेलवाले तुटून पडले, आपल्याकडे ते पत्र या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरलं. पण त्याच पत्रात कॅथलिकांनी राजकारणात सक्रिय व्हावं, आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून व्हावं आणि पुढाऱ्यांपुढची लाचारी सोडावी, असंही होतं. तो भाग कोणी फॉरवर्ड केला नाही. करणार कसा? ज्या ग्रुपवर टाकायचा त्याचा ॲडमिन भाचा!

सत्काराला शाल स्वतःच्या खर्चाने आणू नये, उमेदवारच घेऊन येतो.

यानंतरची सूचना उमेदवाराला मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, कसं बसवावं याबद्दल आहे, आणि ती मी तपशिलात देतो, कारण ती मी जवळून पाहिली. प्रसंग शक्यतो मयताचा निवडावा. लग्नात लोक जेवणाकडे बघत असतात, मयताच्या मिस्साला मात्र सगळे गप्प बसलेले, सगळं कुटुंब हजर, लांबलांबचे नातेवाईक आलेले. आमच्या आईच्या महिन्याच्या मिस्साला उमेदवार आले. बोलावलं कोणी, ते अजून कळलेलं नाही. सोबत उपरण्यातली पोरं, एकाच्या हातात व्हिडिओसाठी मोबाईल. पहिल्या बाकावर माझी मावशी बसली होती, आईची धाकटी बहीण, गुडघे गेलेली. तिला स्वयंसेवकाने 'जरा मागे सरता का, व्हीआयपी आहेत' म्हणून उठवलं. सख्ख्या बहिणीच्या मिस्साला! ख्रिस्तप्रसाद झाला, लोक डोळे मिटून बसलेले, आणि फादरांनी माईकवर सांगितलं की साहेब दोन शब्द बोलतील. साहेबांनी आईला 'मेरी मावशी' म्हटलं. माझ्या आईचं नाव मेरी नव्हतं. किरिस्तांवांची म्हातारी आहे म्हणजे मेरीच असणार, असा त्यांचा हिशेब. मेरी मावशींच्या आशीर्वादाने दफनभूमीची भिंत मार्चच्या आत उभी राहील, असं ते वेदीशेजारी उभं राहून बोलले आणि मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. टाळ्या! अरे, आई गेली होती माझी. त्या भिंतीच्या आत पुरली होती तिला, माती अजून बसलेली नव्हती, आणि तुम्ही टाळ्या वाजवता?

व्हिडिओ संध्याकाळी ग्रुपवर आला, मागे भक्तिगीत लावून. खाली पस्तीस-चाळीस लोकांनी हात जोडले.

असो. सूचनांचं चाललं होतं.

विरोधी बाजूची माणसं ओळखून ठेवावीत. आमच्या गायनमंडळात एका मुलीचा आवाज सुंदर आहे, तिचे वडील दुसऱ्या उमेदवाराचे पोलिंग एजंट होते. नाताळच्या कार्यक्रमातून तिचं गाणं 'वेळेअभावी' काढलं. वेळ कुठे गेला, ते सत्काराला बसलेल्यांनी पाहिलंच. तिचे वडील आता रविवारी पुढच्या स्टेशनजवळच्या चर्चला जातात. एक कुटुंब कमी झालं, पण मतदान केंद्राची आकडेवारी चांगली आली म्हणतात.

पापनिवेदनाला येणाऱ्याला मत कोणाला दिलं ते विचारू नये. अजून तरी नको.

बास झालं. मला हा सूर पुढे रेटवत नाही.

चर्चने राजकारणात पडू नये असं मी म्हणत नाही. ते म्हणणारे वेगळे. त्यांना फादरांनी फक्त लग्नं लावावीत आणि नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, घ्याव्यात असं वाटतं, आणि एखादे फादर स्टॅन स्वामी आदिवासींच्या जमिनींबद्दल बोलले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी कैदेत असतानाच मुंबईच्या एका रुग्णालयात गेले, तरी त्यांच्यासाठी साधी एक मिस्सा ठेवायची यांना भीती वाटते. माझ्या तालुक्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले लोकांनी पाहिले आहेत. पाण्यासाठी, जमिनीसाठी, गुंडगिरीविरुद्ध. त्यांच्यामागे चालणाऱ्याला कोणी विचारलं नाही की तू कुठल्या पक्षाचा, कुठल्या धर्माचा. ते राजकारणच होतं, आणि चांगलं राजकारण होतं. बिल्डरांना ते बोचलं आणि पुढाऱ्यांनाही. याचं कारण साधं आहे. त्यांनी कोणाचा दिवा घेतलेला नव्हता.

आता कोणाच्या तोंडाने बोलणार तुम्ही? गोड्या पाण्याची तळी, आमची बावखलं, बुजवून चाळी उठल्या, जुलै 2018 मध्ये वसई दिवसेंदिवस पाण्यात बसली, भर पावसाळ्यातही लोकांना टँकरची वाट बघावी लागते. फादर, या विषयावर शेवटचं प्रवचन तुम्ही कधी केलंत? करता येणार नाही, कारण बावखल बुजवणारा ठेकेदार पहिल्या बाकावर बसलाय. त्याच्या आरोग्यासाठी तुम्ही आमच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतलीत. आणि समजा हा पडला, दुसरा निवडून आला, तर त्याच्याकडे कुठल्या तोंडाने जाणार? तुम्ही त्याचे मतदारच उरला नाहीत, विरोधक झालात, तेही आमच्या सगळ्यांच्या नावाने. मी तुम्हाला माझं मत विकायचं कुलमुखत्यारपत्र कधी दिलं होतं?

आणि तुम्ही, वाचकहो, बाकांवर बसलेले. फादर एकटे हे करू शकत नाहीत. 'जाऊ दे, फादरांना कशाला दुखवायचं' म्हणणारे तुम्हीच. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला गैरहजर राहून बाहेर मेंगळटासारखे कुजबुजणारेही तुम्हीच. मशिदीतून फतवा निघाला, मठातल्या महाराजांनी कोणाला पाठिंबा दिला, की तावातावाने धर्मनिरपेक्षतेवर बोलणारे तुम्ही, आपल्या वेदीशेजारी उमेदवार उभा राहिला की मोबाईल वर करून शूटिंग करता! लाज वाटायला हवी. माझ्या चुलतभावालाही हे मी तोंडावर सांगितलंय, तो आता माझ्याशी बोलत नाही.

दफनभूमीला भिंत हवी आहे ना? घरटी वर्गणी काढा. पहिली पावती माझ्या नावाची फाडा. भिंतीवर नाव लावायचं नाही, माझंही नाही. खांबावरचा तो बोर्ड उतरवा आणि ज्याचा आहे त्याच्या कार्यालयात नेऊन द्या. पॅरिश कौन्सिलची पुढची बैठक आहे, तिथे हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन द्यायला एकाने तरी हात वर करा.